पाकीट नको, आधी पेटी आणा

परदेशातल्या चर्चची मंडळी मदतीला येणार म्हटलं की आमच्याकडे पहिली चर्चा होते ती रश्श्यात तिखट किती टाकायचं याची. चर्चचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळले, त्या अनुभवावरून सांगते: तिखटाचं नंतर बघा, आधी तारखा बघा. पाहुणे बहुधा जानेवारीत येतात. तेव्हा आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याचे पाडे निम्मे रिकामे असतात, माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षांच्या कामावर गेलेली. एका वर्षी आम्ही चौदा पाहुण्यांना म्हातारी माणसं आणि शेळ्या दाखवून परत आणलं. फोटो मात्र छान आले. त्यांना दिवाळीच्या सुमाराला बोलवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला उपदेशाला उभं करू नका, मिशनरी कामाचा व्हिसा वेगळा असतो. घरी उतरवलंत तर २४ तासांत सरकारकडे त्यांची नोंद करा. आणि निघताना कोणी पाळकसाहेबांच्या हातात पाकीट ठेवलं, तर हात जोडून परत द्या. २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी नसेल तर ते पैसे आपल्याला चालत नाहीत. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीपासून ते स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावे लागतात, आणि पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. पाहुण्यांना हे येण्याआधीच कळवा, म्हणजे निरोपाच्या वेळी कोणाचं तोंड उतरत नाही.

आता मुख्य गोष्ट. काय द्यायचं हे पाहुण्यांनी ठरवून येऊ नये. आमच्याकडे एका ग्रुपने एका पाड्यासाठी दहा शिलाई मशिनं घेऊन दिली. वर्षभरात सात मशिनं चर्चच्या मागच्या खोलीत येऊन पडली. पट्टा तुटला की दुरुस्तीला पेठला जायचं, त्यात दिवसाची मजुरी बुडायची. शेवटी एका मावशीने ऐकवलं, "बाई, शिवू हो आम्ही, पण घेनार कोण? आम्हाला जूनमध्ये पैसा लागतो, बियाण्याला. तवा सावकाराकडं जावं लागतं." हे आम्ही आधी विचारलंच नव्हतं. चूक पाहुण्यांइतकीच आमची.

मग बचतीची पेटी आणली. ही रीत १९९१ मध्ये आफ्रिकेतल्या नायजर देशात केअर या संस्थेने बायकांच्या गटांत सुरू केली. आज तिकडची कितीतरी चर्चही आपल्या गावांत असे गट चालवतात. पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं, किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे. पेटी चौथीच्या घरी. दर आठवड्याला सगळ्यांसमोर उघडायची, प्रत्येकीने झेपेल तेवढे शेअर घ्यायचे (आमचा शेअर २० रुपयांचा, एका वेळी जास्तीत जास्त पाच), पुस्तकात शिक्का मारायचा. कर्जही तिथेच, व्याज गटाने ठरवलेलं. बचत गट आपल्याला नवा नाही, पण इथे बँकेची फेरी नाही आणि वर्षाअखेर पेटी पूर्ण रिकामी करून शेअरप्रमाणे वाटायची. आम्ही वाटप मेअखेर ठेवलं. बियाण्याची सोय झाली.

पाहुण्यांना एक सकाळ नाशिकच्या शरणपूरलाही न्या. चर्च मिशनरी सोसायटीच्या या वस्तीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीसोबत थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीपर्यंत गेला, आणि पुढे इथली बरीच माणसं आफ्रिकेत मोम्बासाजवळ फ्रीअर टाउन ही सुटका झालेल्या गुलामांची वस्ती वसवायला गेली. मदतीला परदेशी जाणारी माणसं नाशकातूनही गेली आहेत, हे ऐकून पाहुणे जरा गप्प होतात. ते बरं असतं.

आणि त्यांना पेटीच्या बैठकीला बसवा, पण सतरंजीवर, मागच्या रांगेत. गेल्या खेपेला एका काकांना राहवेना. खिशातून पाचशेची नोट काढून ते पेटीकडे सरकले. किल्लीवाल्या मावशीने झाकणावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "त्यांना सांगा, तुम्ही सभासद नाही."