पगार सोडून शब्दांचं बिल करताना

कंपनीच्या मार्केटिंग किंवा कंटेंट विभागात पाच-सात वर्षं काढलेल्या माणसाला लिहिता येतं, हे गृहीत धरू. नोकरी सोडून फ्रीलान्स कॉपीरायटिंग, म्हणजे जाहिराती-ब्रोशरचा मजकूर लिहिण्याचं काम, करणाऱ्यांचं घोडं बहुधा लेखनात अडत नाही. ऑफिसात ब्रीफ (काय, कोणासाठी लिहायचं याची माहिती) दुसरं कोणी आणतं, करार लीगलवाले वाचतात, बिल अकाउंट्समधून जातं आणि ‘हे फायनल’ म्हणणारा साहेब शेजारच्या केबिनमध्ये बसलेला असतो. राजीनामा दिला की ही सगळी खाती तुमच्या टेबलावर येतात. म्हणून तयारी याच खात्यांची करायची, आणि तीही पगार चालू असताना.

सुरुवात नेमणूकपत्रापासून करा. नोकरीत असताना बाहेरचं काम करायचं नाही, असं कलम बहुतेकांच्या पत्रात असतं आणि नोकरी चालू असेपर्यंत ते पाळावं लागतं. नोकरी सोडल्यावर ‘दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाही’ असं बंधन मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. गोपनीयतेचं कलम पुढेही लागू राहतं, हे विसरू नका. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर कंपनीचा असतो. तेव्हा पोर्टफोलिओत तो वापरायचा असेल तर लेखी परवानगी घ्या. अंतर्गत सादरीकरणं आणि न छापलेल्या कल्पना तर अजिबात टाकू नका. नमुने कमी पडले तर ज्या धंद्यांत काम करायचं आहे त्यांच्यासाठी मनाने तीन-चार लिहा आणि ‘सरावासाठी’ असं त्यावर स्पष्ट नमूद करा. क्लायंटला चालतं.

कंपनीचं मेडिक्लेम साधारणपणे शेवटच्या दिवशी संपतं. आधीपासूनच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे नोटीस देण्याआधीच विचारा. गृहकर्ज किंवा क्रेडिट कार्ड हवं असेल तर पगाराच्या स्लिपा हातात असतानाच अर्ज करा. नंतर बँक दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते. पाच वर्षांच्या तोंडावर असाल तर ग्रॅच्युइटीची तारीख मोजा, मग राजीनामा लिहा.

पैशांचं गणित दिवसांवर करायचं. उदाहरण घ्या: घरखर्च ५५,०००, विमा-इंटरनेट-सॉफ्टवेअर-लॅपटॉपची झीज मिळून ८,०००, कर आणि म्हातारपणाची बचत १५,०००. झाले महिन्याचे ७८,०००. कामाचे दिवस २२ असले तरी भेटी, कोटेशनं, बिलं आणि पाठपुरावा यांत जवळजवळ निम्मे जातात, बिल लावता येतं ते फार तर १२ दिवसांचं. म्हणजे दिवसाचा दर ६,५०० रुपये. आठ पानी ब्रोशरला अर्धा दिवस माहिती गोळा करायला, दोन दिवस लिहायला आणि अर्धा दिवस दुरुस्त्यांना धरला, तर कोटेशन १९,५०० चं होतं. त्याच ब्रोशरमध्ये ९०० शब्द असतील आणि तुम्ही शब्दाला २ रुपये घेतलेत तर हातात येतात १,८००. शब्दावर दर लावणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक आहे. चार शब्दांच्या टॅगलाइनला मग किती घ्यायचे?

हाताशी सहा महिन्यांचा खर्च हवा. १ जुलैला आलेलं काम २० तारखेला मंजूर होतं, बिल लागतं, अकाउंट्सचं चक्र महिन्याचं असतं आणि पैसे ऑगस्टअखेर येतात, तेही सगळं सुरळीत झालं तर. यावर उपाय म्हणजे ४० ते ५० टक्के ॲडव्हान्स. ॲडव्हान्सला नाही म्हणणारा क्लायंट पुढे उरलेले पैसेही वेळेवर देत नाही. नियम म्हणून धरून चाला.

आता ब्रीफ, म्हणजे या धंद्याचा कणा. क्लायंट फोनवर सांगतो, ‘काहीतरी हटके द्या.’ यावर लिहायला बसलात तर पाच मसुदे होतील आणि एकही पसंत पडणार नाही, कारण काय हवं ते त्याचं त्यालाच ठरवता आलेलं नसतं. भेटीत ठरलेलं त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा: हे कोण वाचणार, वाचून त्याने काय करायचं (फोन, दुकानात येणं, फॉर्म भरणं), वस्तूची एकच सांगण्यासारखी गोष्ट कोणती, तिचा पुरावा काय, मजकूर कुठे छापला किंवा दाखवला जाणार, आणि शेवटचा होकार कोणाचा. शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. घरच्या धंद्यांत मार्केटिंग सांभाळणारा मुलगा मजकूर मंजूर करतो आणि छपाईच्या आदल्या रात्री वडील तो पहिल्यांदा वाचतात. वडिलांना पहिल्याच भेटीला बसवा.

दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन ठेवा आणि प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या सूचना एकत्र एकाच ईमेलमध्ये मागा. ब्रीफच बदलला तर ती दुरुस्ती नव्हे, ते नवं काम, नवं कोटेशन. ‘फायनल’ हा शब्द लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर आला तरी चालेल. छापून आल्यावर फोन नंबर चुकलेला निघतो तेव्हा तो संदेशच कामी येतो.

मराठी कॉपी लिहिणाऱ्याला आणखी एक जबाबदारी घ्यावी लागते, आणि ती मनापासून घ्यायला हवी. मजकूर तुमच्याकडून बरोबर जातो, पण होर्डिंगवर मोडका दिसतो. अनेक स्टुडिओंत अजून श्री-लिपीसारखे जुने, युनिकोड नसलेले फाँट चालतात. त्यात युनिकोड मजकूर थेट चिकटवला तर कचरा दिसतो आणि कन्व्हर्टरमधून नेला तर ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला ऱ्य हमखास बिघडतो. अडोबच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची वर्ल्ड-रेडी सोय चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकते आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं. डिझायनरला मराठी वाचता येत नसेल तर त्याला यातलं काही कळणारही नाही. म्हणून मजकूर कसा दिसायला हवा ते ताडून बघता यावं यासाठी सोबत पीडीएफ द्या आणि अंतिम आर्टवर्क तपासण्याचा अर्धा दिवस कोटेशनमध्ये धरा.

मोजमापही निराळं असतं. देवनागरी एसएमएस १६० नव्हे, ७० चिन्हांचा, आणि काना-मात्राही त्यात स्वतंत्र मोजल्या जातात. एकटा ‘क्ष’ तीन चिन्हं खातो. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, आधी मंजूर करून घ्यावा लागतो, नंतर त्यातला ठरलेला मजकूर बदलता येत नाही. गूगलच्या सर्च जाहिरातीत मथळ्याला ३० आणि वर्णनाला ९० चिन्हं मिळतात. ३० सेकंदांच्या रेडिओ स्पॉटमध्ये ६०-६५ मराठी शब्द बसतात, पत्ता आणि फोन नंबर धरून. घड्याळ लावून मोठ्याने वाचा. हिंदी जाहिरातीचं ‘मराठी करून द्या’ असं काम आलं तर भाषांतराचा दर सांगू नका. मूळ मुद्दा घेऊन नव्याने लिहा आणि तसाच दर लावा. हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत आली की शाळेच्या जाहिरातीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

दाव्यांबाबत सावध राहा. महाराष्ट्रातल्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा (राज्याच्या गृहबांधणी नियामकाचा) नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ लागतं, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं लिहून घेणारा आला तर १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय कायदा त्याला दाखवा. ‘नंबर १’, ‘१०० टक्के खात्री’ याचा पुरावा क्लायंटने द्यायचा आणि त्याची जबाबदारी त्याची, हे एक वाक्य करारात असू द्या. त्याच करारात कॉपीराइटचंही कलम घाला: पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क क्लायंटकडे जाईल. कायद्याने हे हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच मानलं जातं, त्यामुळे कायमचे हक्क हवे असतील तर क्लायंटने त्याचे पैसे मोजावेत.

करांचं थोडक्यात. कंपन्या व्यावसायिक शुल्कावर १० टक्के टीडीएस कापतात. एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत तो कापला जात नाही. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली का, हे दर तिमाहीला बघा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी, दर १८ टक्के. महाराष्ट्रात व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी लागते, वर्षाला २,५०० रुपये. उत्पन्नाच्या ५० टक्के नफा धरून तेवढ्यावरच आयकर भरण्याची जी सवलत आहे तिच्या यादीत चित्रपटांचे संवादलेखक येतात, जाहिरातलेखकांचं नाव नाही. ती तुम्हाला लागू होते का, हे सीएशी बोलून ठरवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र पहिल्याच आठवड्यात करा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. क्रमांक बिलावर छापला की कंपनीला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत चुकवून रक्कम वर्षअखेरीपुढे गेली तर तो खर्च कंपनीला त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. ही गोष्ट अकाउंट्सवाल्यांना नीट माहीत असते. नम्रपणे आठवण केली तरी मार्चमध्ये बिलं सुटतात.

काम कुठून येतं? सुरुवातीला छोट्या डिझाइन स्टुडिओंकडून आणि छापखान्यांकडून. भोसरी, चाकण, नाशिकचं अंबड, कोल्हापूरचं गोकुळ शिरगाव इथले कारखानदार कॉपीरायटर शोधत नाहीत. ते कॅटलॉगसाठी डिझायनर गाठतात आणि डिझायनर मजकुरासाठी अडून बसतो. त्याच्याकडे जा. सराफ, बिल्डर, सहकारी बँका यांच्या दसरा-दिवाळीच्या जाहिराती गणपतीच्या आधीच वाटल्या जातात. नोटीस पिरियड जूनअखेर संपेल असा राजीनामा दिलात, तर जुलैत भेटीगाठींना पूर्ण महिना मिळतो.