दाखल्यातल्या दोन तारखा

गोव्यात असिस्टंट प्रोफेसरच्या जागेसाठी अर्ज भरणाऱ्यांना नेट परीक्षा, पीएचडी, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, कोंकणी यायला हवी, हे सगळं तोंडपाठ असतं. ते सोडते. मी जिथे आपटले तेवढंच सांगते.

तीन वर्षं डिचोलीहून कदंब बस पकडून कंत्राटी शिकवत होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत, छाननीत अनुभवाच्या एका वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. म्हणजे माझे ६ पक्के. एका संस्थेच्या मुलाखतीच्या यादीत नाव आलं नाही, तेव्हा सहा महिने मी ज्याला त्याला सांगत सुटले, ‘सगळं आधीच ठरलेलं असतं.’ शेवटी माहिती अधिकारात माझाच छाननी तक्ता मागितला. अनुभवाच्या रकान्यात शून्य. पुढे शेरा : ‘कालावधी स्पष्ट नाही.’

अनुभवाचा दाखला काढून पाहिला. ‘मागील तीन शैक्षणिक वर्षे समाधानकारक काम केले.’ रुजू झाल्याची तारीख नाही, सोडल्याची नाही. वर्षापेक्षा कमी काळ असेल तर गुण त्या प्रमाणात कापतात. मग तारखांशिवाय मोजणार काय? दाखला हातात पडला की तिथेच, काउंटरवर उभं राहून वाचा. दोन्ही तारखा, पद, विषय, पगार, जावक क्रमांक. क्लार्क वैतागेल. वैतागू दे.

चूक माझी, पण अर्धीच. संस्थेनं गुणांसकट यादी वेबसाइटवर टाकून हरकतींना आठ दिवस दिले असते, तर मला दहा रुपये भरून तीस दिवस वाट पाहावी लागली नसती. उत्तर नाहीच आलं तर पहिलं अपील करता येतं, तेही तीस दिवसांत करा. ‘आरटीआय टाकलास तर नाव खराब होईल’ असं सांगणारे सर तुम्हालाही भेटतील. मला भेटले. त्यांच्या ओळखीतून कुणाला काही मिळाल्याचं अजून ऐकलेलं नाही.

जाहिरातीची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेवा. भरती सुरू झाल्यावर, नियमांतच तशी मुभा नसेल तर, निकष मध्येच बदलता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. पण जुनी जाहिरात हातात नसेल तर बदल दाखवणार कशावरून?

छाननीत गुण कमी पडले म्हणून रडू नका. ते फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते; निवड मुलाखतीवरच होते. अंधार खरा तिथेच असतो, पण आत शिरल्याशिवाय तोही दिसत नाही.

कंत्राटी वर्षं पुढे बढतीलाही धरतात, मात्र नेमणूक निवड समितीमार्फत आणि पगार नियमित शिक्षकापेक्षा कमी नसेल तर. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा फेकून देऊ नका.

नवा दाखला आणायला गेले तर सोडल्याचं वर्ष चुकीचं टाइप केलेलं. या वेळी मी काउंटर सोडला नाही.