पीसी असेंबल करताय? एसएसडी घ्यायच्या आधी मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा

नवीन पीसी बांधायचा म्हटलं की सगळं डोकं प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डात जातं, एसएसडीपर्यंत येईस्तोवर बजेटही संपत आलेलं असतं आणि पेशन्सही, मग काय, बॉक्सवर ज्याचा वेगाचा आकडा सगळ्यात मोठा ती उचलायची, सेकंदाला ७००० एमबी, १४००० एमबी, विषय संपला. आकडा खोटा नसतो हो, पण तुमच्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध फार थोडा असतो.

बॉक्स नंतर बघू, पहिलं मदरबोर्डचं मॅन्युअल. कंपनीच्या साइटवर पीडीएफ असते, बोर्ड विकत घ्यायच्या आधीसुद्धा वाचता येते. स्टोरेजचं पान काढा आणि प्रत्येक एम.२ स्लॉटसमोर, म्हणजे एसएसडी बसवायच्या खाचेसमोर, काय लिहिलंय ते बघा. एम.२ हा फक्त आकार आहे, वेग नाही, हे डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. त्याच आकारात जुन्या, हळू जोडणीची साटा एसएसडी पण येते आणि नव्या, फास्ट जोडणीची एनव्हीएमई पण. साटावाली ५५० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास अडकते कारण साटाची लाइनच ६ गिगाबिटची आहे, एनव्हीएमई पीसीआयईच्या लेन वापरते, म्हणजे ग्राफिक्स कार्ड वापरतं त्याच डेटाच्या वाटा, त्यामुळे ४ लेनवर जेन ३ ला (जेन म्हणजे पीसीआयईची पिढी) साधारण ३५००, जेन ४ ला ७००० च्या वर आणि जेन ५ ला १४००० च्या आसपास जाते. आता काही स्लॉट दोन्ही घेतात, काही फक्त एनव्हीएमई. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटात साटाची एम.२ टाकली तर बसते अगदी नीट, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, मात्र दिसतच नाही, आणि माणूस ड्राइव्ह डेड आलाय म्हणून परत करायला धावतो. कनेक्टरला दोन खाचा असल्या तर बहुतेक वेळा साटा आणि एकच असली तर एनव्हीएमई, पण नुसत्या खाचांवर जाऊ नका, दोन खाचांच्या एनव्हीएमई पण निघाल्यात, लेबल वाचा.

मग त्याच पानावर खाली बारीक अक्षरातल्या टीपा असतात, त्या सोडू नका. तिथे लिहिलेलं असतं की अमुक एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह असेल तर साटाचे ५ आणि ६ नंबरचे पोर्ट बंद होतील. हे न वाचल्यामुळे लोक नवीन एसएसडी लावतात आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली म्हणून डोकं धरून बसतात, केबल बदलतात, पॉवर सप्लायवर संशय घेतात. दुसरी टीप जेन ५ स्लॉटची. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या जनरेशनच्या प्रोसेसरकडे जेन ५ च्या लेन १६ च असतात आणि त्या मुळात ग्राफिक्स कार्डासाठी असतात, त्यामुळे त्या बोर्डांवर जेन ५ चा एम.२ स्लॉट दिलेला असेल तर त्यात ड्राइव्ह घातला की कार्ड १६ वरून ८ लेनवर येतं. गेममध्ये फरक फार पडत नाही, पण माहीत असलेलं बरं. एएमडीच्या बी५५० बोर्डावर वरचा स्लॉट जेन ४ असतो आणि थेट प्रोसेसरला जोडलेला, खालचा चिपसेटवरचा, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून जाणारा, जेन ३ असतो, म्हणजे महागडी जेन ४ एसएसडी चुकून खाली लावली की ती जेन ३ च्या वेगाने चालते आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ताही लागत नाही. साधा नियम, विंडोज ज्यावर टाकणार तो ड्राइव्ह प्रोसेसरच्या शेजारच्या स्लॉटात. बाकीचे चिपसेटवर गेले तरी चालतंय.

जेन ४ ची एसएसडी जेन ३ च्या बोर्डावर चालते का हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं. चालते, जेन ३ च्या वेगाने. उलटही चालतं. काही जळत नाही.

आता त्या मोठ्या आकड्याकडे येऊ. बॉक्सवर लिहितात तो सिक्वेन्शियल स्पीड, म्हणजे एकच भलीमोठी फाइल सलग वाचली किंवा लिहिली तर मिळणारा. विंडोज बूट होताना, ब्राउझर उघडताना, एखादं सॉफ्टवेअर लोड होताना असं सलग काही नसतं, इकडची ४ केबी, तिकडची ४ केबी असं बारीकसारीक चाललेलं असतं. ड्राइव्हचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क फुकट आहे, ते चालवलं की चार ओळी येतात, त्यातली सगळ्यात खालची बघा, रँडम ४के, क्यू १, थ्रेड १, म्हणजे ४ केबीचे तुकडे एका वेळी एकच. वरच्या ओळीत ७००० मिरवणारा ड्राइव्ह इथे ८०-९० एमबी वर येतो! साध्या साटा एसएसडीला तिथेच ३०-४० मिळतात आणि फिरत्या हार्ड डिस्कला धड १ पण नाही. म्हणून हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर गेलात की पीसी नवा वाटतो, साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर थोडं जाणवतं, आणि जेन ४ वरून जेन ५ वर गेलात तर डोळे बांधून ओळखायला लावलं तर ओळखता येणार नाही. जेन ५ कुणी घ्यावी? ज्यांचं रोज शेकडो जीबीचं व्हिडिओ फुटेज इकडून तिकडे जातं त्यांनी, आणि तेही दुसऱ्या टोकाचा ड्राइव्ह तेवढाच फास्ट असेल तर, कारण कॉपी होते ती हळू असलेल्याच्या वेगाने. बाकीच्यांनी तोच पैसा जास्त जीबीवर घालावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात कधीच नसते ती गोष्ट म्हणजे आतली फ्लॅश, म्हणजे डेटा साठवणारी चिप, कुठली आहे. हल्ली दोनच प्रकार येतात, टीएलसी म्हणजे एका सेलमध्ये ३ बिट आणि क्यूएलसी म्हणजे ४ बिट. जितके बिट कोंबाल तितकं लिहायला हळू आणि सेल झिजतो लवकर. हा हळूपणा झाकायला कंपन्या एक युक्ती करतात, रिकाम्या जागेचा काही भाग एका सेलला १ च बिट असा वापरतात, त्याला एसएलसी कॅश म्हणतात, तुम्ही लिहिलेलं आधी तिथे जातं आणि नंतर निवांत वेळी आत सरकवलं जातं. कॅश शिल्लक आहे तोवर सगळं पळतं. संपली की खरा चेहरा दिसतो, चांगली टीएलसी तेव्हाही हजाराच्या आसपास टिकते, काही स्वस्त क्यूएलसी १०० एमबी प्रति सेकंदावर येतात, म्हणजे चांगल्या हार्ड डिस्कच्याही खाली. आणि ही कॅश रिकाम्या जागेतून काढलेली असल्यामुळे हिशोब बघा, १ टीबीची क्यूएलसी पूर्ण रिकामी असली तरी सगळे सेल एकेका बिटाने वापरून जास्तीत जास्त २५० जीबी कॅश होईल, ड्राइव्ह ८० टक्के भरला की उरलेल्या २०० जीबीतून ५० च. रिव्ह्यूत रिकाम्या ड्राइव्हवर घेतलेले आकडे आणि वर्षभराने तुमच्या भरलेल्या ड्राइव्हवरचा अनुभव, दोन्हीत फरक का पडतो तर हे कारण. क्यूएलसी टाकाऊ आहे असं नाही म्हणत मी, गेम्स टाकायला, सिनेमे-फोटो ठेवायला दुसरा ड्राइव्ह म्हणून मस्त, तिथे एकदा लिहायचं आणि मग वाचतच बसायचं. विंडोजचा मुख्य ड्राइव्ह मात्र टीएलसीच घ्या.

डीरॅमचं, म्हणजे एसएसडीच्या स्वतःच्या छोट्या रॅमचं, थोडं वेगळं आहे. कुठला डेटा कुठल्या सेलमध्ये पडलाय याचा नकाशा एसएसडीला सतत लागतो, साधारण १ टीबीला १ जीबीचा नकाशा, म्हणून चांगल्या ड्राइव्हवर तेवढी डीरॅम चिप बसवतात. स्वस्तातल्या एनव्हीएमईवर चिप नसते, त्या तुमच्या पीसीच्या रॅममधली थोडी जागा उसनी घेतात, बऱ्याचदा ६४ एमबीच्या आसपास, याला होस्ट मेमरी बफर म्हणतात. घरगुती वापराला हे पुरतं, वेस्टर्न डिजिटलची एसएन७७० डीरॅमशिवायचीच आहे आणि गेमिंगला झकास चालते. पण ही उसनवारी फक्त एनव्हीएमईला जमते, साटाला नाही. म्हणजे डीरॅम नसलेली साटा एसएसडी खरंच बिनडीरॅमची, तिच्या नादी लागू नका. साटाच घ्यायची असेल, जुन्या बोर्डासाठी वगैरे, तर डीरॅमवाली शोधा. यूएसबी केसमध्ये घालून एक्स्टर्नल म्हणून वापरायची असेल तरी हेच, कारण यूएसबीवरून पीसीची रॅम तिला मिळत नाही.

ही माहिती शोधायची कुठे? कंपनीच्या पानावर बऱ्याचदा "थ्रीडी नँड" एवढंच लिहून मोकळे होतात. टेकपॉवरअपचा एसएसडी डेटाबेस आहे, त्यात मॉडेल टाका, कंट्रोलर (एसएसडी चालवणारी मुख्य चिप), फ्लॅश, डीरॅम सगळं येतं. रिव्ह्यूची तारीखही बघा, कारण नाव तेच ठेवून आतला माल बदलायची खोड या धंद्यात आहे. क्रूशियलची पी२ टीएलसी घेऊन बाजारात आली, चांगले रिव्ह्यू मिळाले, आणि २०२१ पर्यंत त्याच नावाखाली क्यूएलसी विकली जात होती. जुना रिव्ह्यू वाचून आज घेताय तर निदान अलीकडे घेतलेल्या लोकांचे आकडे शोधा.

टीबीडब्ल्यूला उगाच घाबरतात लोक. म्हणजे किती टेराबाइट लिहीपर्यंत वॉरंटी लागू, बस. ६०० टीबीडब्ल्यूच्या ड्राइव्हवर रोज ४० जीबी लिहिलेत, आणि साधा माणूस तेवढं लिहीत नाही, तरी १५००० दिवस जातात, ४० वर्षं झाली. मला या आकड्याचा उपयोग वेगळ्याच कामाला होतो, १ टीबीला ६०० च्या आसपास असेल तर टीएलसी असण्याची शक्यता जास्त, २०० च्या आसपास असेल तर क्यूएलसीचा संशय घ्यायचा. वॉरंटी ५ वर्षांची बघा, ३ ची असेल तर कंपनीलाच तेवढा विश्वास नाही. आणि एसएसडी जाते तेव्हा झिजून क्वचितच जाते, कंट्रोलर किंवा फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अचानक बंद पडतं, हार्ड डिस्कसारखी आधी खरखर करून सांगत नाही, तेव्हा बॅकअप हवाच.

साइज, १ टीबीच्या खाली जाऊ नका. विंडोज त्याला ९३१ जीबी दाखवतं, फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. त्यातले १५-२० टक्के मोकळे ठेवायचे हे धरून चाला. लहान ड्राइव्हमध्ये फ्लॅशच्या चिप्स कमी असल्यामुळे एकाच मॉडेलची ५०० जीबी लिहिताना १ टीबीपेक्षा हळू असते, जाहिरातीत मात्र सगळ्यात मोठ्या साइजचा आकडा छापतात, तुमच्या साइजची ओळ टेबलात शोधा.

हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी, बोर्डावर असेल तर हीटसिंकवाली एसएसडी घेऊ नका, दोन्ही एकावर एक बसत नाहीत. जेन ३ ला नसली तरी चालते, जेन ४ ला असावी, जेन ५ ला पाहिजेच, नाहीतर तापून स्वतःच वेग कमी करते. बोर्डाच्या हीटसिंकखाली थर्मल पॅड असतो आणि त्यावर पातळ प्लास्टिकची फिल्म, ती सोलून काढायची. ती तशीच ठेवून वर स्क्रू आवळणारे कमी नाहीत, आणि मग टेंपरेचर ८० च्या पुढे का जातंय म्हणून कॅबिनेटचे फॅन वाढवत बसतात.

बसवताना ड्राइव्ह थोडा तिरका धरून स्लॉटात पूर्ण आत सरकवा, सोन्याच्या पट्ट्या जेमतेम दिसल्या पाहिजेत, हात सोडला की तो मागून वर उचलला जातो, तसाच असतो तो, घाबरू नका, हलकं खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू ज्यात बसतो तो पितळी स्टँडऑफ २२८० च्या भोकावर आहे ना ते आधी बघा, २२ म्हणजे रुंदी आणि ८० म्हणजे लांबी, मिलिमीटरमध्ये. स्टँडऑफ नसताना स्क्रू आवळला तर ड्राइव्ह वाकतो. चालू झाल्यावर ड्राइव्हची माहिती दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा, ट्रान्सफर मोडमध्ये दोन गोष्टी दिसतात, आत्ता किती मिळतंय आणि ड्राइव्हची ताकद किती, दोन्हीकडे पीसीआयई ४.० आणि ४ लेन असेल तर उत्तम, बोर्ड आणि ड्राइव्ह दोन्ही जेन ४ चे असून आत्ताच्या बाजूला ३.० किंवा २ लेन दिसली तर स्लॉट चुकलाय. तिथेच पॉवर ऑन अवर्स बघा, नवीन म्हणून विकलेल्या ड्राइव्हवर शेकडो तास असतील तर तो वापरलेला आहे, लगेच परत करा. मग कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून फर्मवेअर अपडेट. हे टाळू नका, सॅमसंगच्या ९९० प्रोची हेल्थ सुरुवातीच्या काळात भराभर घसरायची, २०२३ मध्ये फर्मवेअर देऊन ते थांबवावं लागलं.

विंडोज टाकताना बाकीचे सगळे ड्राइव्ह काढून ठेवा, नाहीतर बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करणारा भाग, भलत्याच डिस्कवर जाऊन बसतो आणि पुढे कधीतरी ती जुनी डिस्क काढली की पीसी बूटच होत नाही. आणि इंटेलच्या ११ व्या जनरेशनपासूनच्या बोर्डावर इन्स्टॉलरला ड्राइव्ह दिसलाच नाही तर आधी बायोसमध्ये व्हीएमडी (ड्राइव्ह सांभाळायची इंटेलची सोय) चालू आहे का बघा, चालू असेल आणि रेड (RAID, म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र जोडणं) करायचं नसेल तर बंद करा, लगेच दिसेल.