नकाशे, तक्ते, पेट्या: शाळेतल्या शैक्षणिक साहित्याची तालिका कशी करावी

पुस्तकांची दाखलनोंदवही बहुतेक शाळांत असते. नकाशे, तक्ते, पृथ्वीगोल आणि गणितपेट्या मात्र जडवस्तू नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) ‘तक्ते – ४० नग’ अशा एका ओळीत बसवलेल्या असतात. तपासणीपुरते ते चालते. पण पुढच्या तासाला पचनसंस्था शिकवायची आहे त्या बाईंना ‘४० नग’ काय उपयोगाचे? जडवस्तू नोंदवही मालकी सांगते. तालिकेने वस्तू कुठे आहे आणि तिच्यावर काय शिकवता येते, ते सांगायला हवे.

आधी सगळे कपाटाबाहेर काढून प्रयोगशाळेत किंवा सभागृहात मांडावे. कपाटातल्या कपाटात नोंदी करत गेले की जुळ्या वस्तू आणि एकाच पेटीचे विखुरलेले भाग लक्षात येत नाहीत. फाटलेले, वाळवी लागलेले साहित्य वेगळे ठेवावे, पण फेकू नये. जडवस्तू नोंदवहीत ज्याची नोंद आहे ते रीतसर निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे नोंदवहीतून कमी केले जाईपर्यंत, शाळेचेच असते.

क्रमांकाची मालिका सगळ्या साहित्याला एकच ठेवावी: शै-०००१, शै-०००२ असा सलग. नकाशांची वेगळी, खेळांची वेगळी अशी मालिका सुरू केली की महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचे जोडकोडे नकाशात धरायचे की खेळात, यावर वाद होतात आणि शेवटी ते दोन्हीकडे चढते. प्रकार हा रकान्याचा विषय आहे, क्रमांकाचा नाही. एकदा दिलेला क्रमांक वस्तू बाद झाली तरी दुसरीला देऊ नये.

पेटीला क्रमांक एकच. दशमान ठोकळ्यांच्या संचात १०० सुटे, १० दांडे आणि १ पाटी असेल तर नोंदीत ‘१ पेटी (१११ भाग)’ असे लिहावे आणि भागांची यादी झाकणाच्या आतून चिकटवावी. प्रत्येक सुट्या ठोकळ्याला क्रमांक घालण्यात वेळ दवडू नये. मोठे भाग असले तर शै-००५७/१, शै-००५७/२ असे पोटक्रमांक द्यावेत, म्हणजे मेजाखाली सापडलेला शंकू कोणत्या पेटीचा ते कळते.

प्रत्येक वस्तूसाठी एवढे रकाने पुरतात: दाखल क्रमांक, दिनांक, नाव, प्रकार, वर्गांक (विषयाचा ठरलेला आकडा), विषयशब्द (शोधायला सोयीचे शब्द), इयत्ता, भाषा, भाग व आकार, कसे मिळाले (खरेदी, देणगी, शिक्षकनिर्मित), किंमत, जडवस्तू नोंदवहीचे पान, जागा, शेरा. पान क्रमांकाचा रकाना गाळू नये. दोन नोंदवह्या एकमेकींशी जुळवताना तोच एक दुवा असतो.

खरा कस लागतो तो विषयशब्दांत. प्रत्येक वस्तूला तीन ते पाच शब्द द्यावेत, तेही शिक्षक मागतात तेच. ‘मानवी शरीर तक्ता क्र. ४’ हे छापील नाव तसेच ठेवावे, पण विषयशब्दांत ‘पचनसंस्था, जठर, यकृत, आतडे’ यायलाच हवे. पाठाचा क्रमांक मात्र लिहू नये. पाठ्यपुस्तक बदलले की ‘पाठ ७’ निरर्थक होतो, ‘अपूर्णांक’ कायम राहतो. समानार्थी शब्दांपैकी एक ठरवून त्याची यादी भिंतीवर लावावी: सूर्यमाला की सौरमाला, पृथ्वीगोल की ग्लोब. ऱ्हस्वदीर्घही एकच हवे. ‘अपुर्णांक’ म्हणून टाइप झालेली नोंद ‘अपूर्णांक’ शोधल्यावर निघत नाही.

वर्गांकासाठी ग्रंथालयात पुस्तकांना ड्युई दशांश पद्धत (प्रत्येक विषयाला ठरावीक आकडा देणारी) असेल तर साहित्यालाही तीच लावावी. भारताचा नकाशा ९१२.५४, महाराष्ट्राचा ९१२.५४७९२, सूर्यमाला ५२३.२, पचनसंस्था ६१२.३, अपूर्णांक ५१३.२६, भूमिती ५१६. छोट्या शाळेला दशांश चिन्हाआधीचे तीन अंक पुरेत. नकाशे तेवढे अपवाद, कारण ९१२ एवढ्यावर सगळे जग एका ठिकाणी येते.

नकाशाच्या नोंदीत प्रमाण आणि प्रकाशनवर्ष हवेच; पृथ्वीगोलाचा व्यास सेंटिमीटरमध्ये लिहावा. वर्ष का? महाराष्ट्रात ३५ जिल्हे दाखवणारा नकाशा १ ऑगस्ट २०१४ च्या, म्हणजे पालघर जिल्हा होण्याच्या आधीचा असतो. तेलंगणा नसलेला भारताचा नकाशा २ जून २०१४ पूर्वीचा, आणि लडाख वेगळा न दाखवणारा ३१ ऑक्टोबर २०१९ पूर्वीच्या स्थितीचा. नऊ ग्रहांचा सूर्यमालेचा तक्ता २००६ च्या आधीच्या समजुतीवर काढलेला. असे साहित्य लगेच बाद करायचे कारण नाही. शेऱ्यात ‘जुनी स्थिती’ एवढे लिहिले की भूगोलाचे सर ते तुलनेसाठी मागून नेतात.

क्रमांक वस्तूवर कुठे घालायचा, यात बरेच काम बिघडते. गुळगुळीत प्लॅस्टिकवर मार्करची शाई हाताळून पुसट होते. तिथे बारीक कुंचल्याने ऑइल पेंट वापरावा. कागदी चिठ्ठीवर साधी चिकटपट्टी लावू नये, काही वर्षांत ती पिवळी पडून सुटते आणि डाग ठेवते. तक्त्यावर मागच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात लिहावे. गुंडाळून ठेवलेल्या तक्त्याचे फक्त टोक दिसते, म्हणून दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून तिच्यावर क्रमांकासोबत नावही लिहावे. नुसता क्रमांक असला तर मुले दहा गुंडाळ्या उलगडून पाहतात आणि कडा तिथेच फाटतात.

संगणकावर यादी करत असाल तर युनिकोडमध्येच करावी. जुन्या फाँटात टाइप केलेली यादी दिसते मराठी, पण दुसऱ्या संगणकावर ती अगम्य अक्षरे होते आणि शोधही लागत नाही. एक्सेलमध्ये क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करावा, नाहीतर ‘शै’ न लिहिता टाइप केलेल्या आकड्यांतली सुरुवातीची शून्ये गळतात. आकडे मराठी की इंग्रजी, तेही एकदाच ठरवावे. कोहा किंवा ई-ग्रंथालय ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली असेल तर पुस्तकांहून वेगळा साहित्यप्रकार तयार करून घ्यावा. देवघेवीची मुदत त्यावरून ठरते. तक्ता तासापुरता, पेटी आठवडाभर.

परत घेताना पेटी उघडून झाकणावरच्या यादीशी भाग ताडावेत, नेणाऱ्याच्या समोर. हरवलेला भाग त्याच दिवशी शेऱ्यात चढवावा. सत्राच्या शेवटी तो कोणी हरवला हे कोणालाच आठवत नाही. वार्षिक पडताळणी परीक्षा संपल्यावर, वर्गांना कुलपे लागण्याआधी करावी, कारण गहाळ म्हणून नोंदलेले बरेचसे साहित्य वर्गाच्या कपाटावरच पडलेले असते.