पावसाळ्यापूर्वी ३३/११ केव्ही उपकेंद्राची तयारी : बॅटरी, रोहित्र आणि रिले

वळवाचा पहिला पाऊस पडायच्या आत, शक्यतो मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, पॉवर रोहित्राचे (ट्रान्सफॉर्मरचे) शटडाऊन मागून घ्यावे; कारण एकदा फांद्या तारांना लागू लागल्या की फीडर (उपकेंद्रातून बाहेर जाणाऱ्या ११ केव्ही वाहिन्या) एकामागून एक ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात, आणि रिले तपासायला कोणालाच सवड उरत नाही. पुढील आकडे ५ एमव्हीएचे रोहित्र डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत.

परमिट (कामाचा लेखी परवाना) हातात आल्यावर, दोन्ही बाजूंचे आयसोलेटर (पुरवठ्यापासून वेगळे करणारे स्विच) उघडे असल्याची डोळ्यांनी खात्री करून आणि डिस्चार्ज रॉड (तारा जमिनीशी जोडणारे दांडे) लावून झाल्यावर, माझ्या मते सुरुवात बॅटरीपासून करावी. रिले फक्त दोष ओळखतो. ब्रेकर, म्हणजे प्रवाह तोडणारा स्विच, उघडणाऱ्या ट्रिप कॉइलला ताकद देते ती बॅटरी, आणि जवळच्या दोषात एसी पुरवठ्याचा दाबच कोसळत असल्याने त्यावर विसंबता येत नाही. एका उपकेंद्रात फीडरच्या रिलेचा फ्लॅग (रिले चालल्याची खूण) पडलेला आणि ब्रेकर मात्र तसाच चालू, असे मी स्वतः पाहिले आहे. व्होल्टमीटर पूर्ण ३० व्होल्ट दाखवत होता. दोन सेलमधल्या पट्टीचा नट घट्ट होता, पण तो सोडवल्यावर पट्टीखाली पांढरट-हिरवा थर निघाला. ट्रिप कॉइलने प्रवाह ओढताच त्या थरावरच सारा दाब पडत होता. शेवटी दोष ३३ केव्हीच्या ब्रेकरने तोडला आणि एका फीडरपायी सगळे फीडर अंधारात गेले. म्हणून प्रत्येक पट्टी सोडवून, घासून, पेट्रोलियम जेली लावून पुन्हा आवळावी, पंधराही सेलचे व्होल्टेज आणि विशिष्ट गुरुत्व वेगवेगळे नोंदवावे, आणि नंतर चार्जर बंद ठेवून ब्रेकर ट्रिप करताना मीटरचा काटा किती खाली येतो ते पाहावे. विनाभार घेतलेल्या वाचनाला माझ्या लेखी किंमत नाही.

रोहित्रापाशी आल्यावर ब्रीदरमधील (रोहित्रात जाणारी हवा कोरडी करणाऱ्या भांड्यातील) निळी सिलिका जेल गुलाबी झाली असल्यास ती बदलावी आणि खालच्या कपात खुणेपर्यंत तेल भरावे. तेलाचा नमुना खालच्या व्हॉल्व्हमधून, आधी थोडे तेल वाहू देऊन, कोरड्या बाटलीत घ्यावा; २.५ मिमी अंतरावर बीडीव्ही (ज्या दाबाला तेलातून ठिणगी पडते तो) ३० केव्हीपेक्षा कमी आल्यास पावसाळ्यापूर्वी फिल्टरेशन करून घ्यावे.

बुखोल्झ रिलेला मात्र वेळ द्यावा. टाकी आणि कॉन्झर्व्हेटर (वरची तेलाची छोटी टाकी) यांच्या मधल्या नळीत तो बसलेला असतो. आत हळूहळू वायू जमला तर वरचा फ्लोट अलार्म देतो आणि मोठ्या दोषाने तेल जोरात उसळले तर खालचा भाग ट्रिप देतो. काचेत वायू दिसल्यास तो सोडून देऊन मोकळे होऊ नये, नमुना घेऊन तपासणीस पाठवावा. चाचणीची कळ दाबल्यावर पॅनेलवर दिवा लागला एवढ्यावर समाधान मानू नये. ३३ केव्हीचा आणि ११ केव्ही इनकमरचा (रोहित्राकडून फीडरांकडे येणाऱ्या जोडणीचा) असे दोन्ही ब्रेकर प्रत्यक्ष उघडलेले पाहावेत. काम संपल्यावर कॉन्झर्व्हेटरच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडा असल्याची खात्री करावी, कारण तो बंद राहिला तर तापलेल्या तेलाला फुगायला वाट उरत नाही.

रिलेची सेटिंग मंजूर तक्त्याशी ताडून पाहावीत, मागच्या वर्षीच्या नोंदवहीशी नव्हे. या रोहित्राचा पूर्ण भार ३३ केव्ही बाजूला सुमारे ८७.५ आणि ११ केव्ही बाजूला सुमारे २६२ अँपिअर असतो. स्टँडर्ड इन्व्हर्स वक्रावर (प्रवाह जितका जास्त तितका वेळ कमी) टीएमएस (वेळेचा गुणक) ०.१ असलेला फीडर रिले सेटिंगच्या दहापट प्रवाहाला सुमारे ०.३ सेकंदात चालतो. त्याच दोषाला इनकमरने त्याहून निदान ०.३ सेकंद थांबावे आणि ३३ केव्हीने आणखी तेवढेच. नावपट्टीवर इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) ७.१५ टक्के असल्यास ११ केव्ही बसवरचा (सगळे फीडर जोडलेल्या पट्टीवरचा) दोषप्रवाह फार तर ३,६७० अँपिअरपर्यंत, म्हणजे ३३ केव्ही बाजूला सुमारे १,२२० अँपिअर जातो. तिथले तात्काळ चालणारे सेटिंग याहून पुरेसे वर हवे, नाहीतर फीडरच्या दोषाला रोहित्रच बाहेर पडेल. रिलेला करंट इंजेक्शन (चाचणीसाठी बाहेरून प्रवाह) देण्यापूर्वी सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) दुय्यम बाजू शॉर्ट करावी. प्रवाह वाहत असताना ती उघडी पडली तर तिथे जीवघेणा दाब तयार होतो.

मार्शलिंग बॉक्सच्या (रोहित्राच्या नियंत्रण वायरी एकत्र येतात त्या पेटीच्या) दाराचे गॅस्केट आणि केबल ग्लँड तपासून मोकळी भोके बुजवावीत, कारण बुखोल्झच्या ट्रिप वायरीत ओल शिरली की निरोगी रोहित्रही मध्यरात्री बंद पडते.

परमिट परत करण्यापूर्वी डिस्चार्ज रॉड मोजून घ्यावेत आणि सीटीच्या शॉर्टिंग लिंक काढल्याची दोघांनी खात्री करावी. रोहित्र आधी ३३ केव्ही बाजूने विनाभार चार्ज करून त्याचा आवाज ऐकावा, मग इनकमर घ्यावा. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी तेलाचे आणि वाइंडिंगचे तापमान नोंदवावे, आणि बुखोल्झच्या काचेत वायू जमतो आहे का हे रात्रपाळीच्या यंत्रचालकाला टॉर्चच्या उजेडात पाहायला सांगून ठेवावे.