दाभोळच्या खाडीत वल्हवायला जाण्याआधी

पिशवी भरायच्या आधी पंचांग काढा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती साधारण किती वाजता पूर्ण होणार ते कळतं. एकादशी असेल तर सव्वाआठ. किनाऱ्यावरचा हा जुना हिशोब आहे, पण त्यावरच थांबू नका; बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडून घ्या, थोडाफार फरक निघतोच.

माझ्या मते नवख्यांनी दशमी-एकादशीच धरावी. तेव्हा भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान, ओढ कमी. उजाडताच दाभोळच्या धक्क्यावरून निघायचं, भरतीबरोबर वाशिष्ठी नदीत आत जायचं, पाणी थांबलं की होडी वळवायची आणि ओहोटीबरोबर परतायचं. दुपारी खारे वारे सुटायच्या आत धक्का गाठलेला असतो. पौर्णिमा-अमावास्येला उलटं होतं. भरती पूर्ण व्हायलाच दुपार उजाडते, उधाणाची, म्हणजे मोठ्या भरतीनंतरची, ओहोटी जोरात बाहेर निघते, समोरून वारा येतो आणि दोघांच्या झटापटीत आखूड, उभ्या लाटा उठतात. त्यातच ओहोटीच्या साधारण सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी निघून जातं. त्या वेळी खाडीच्या मुखाजवळ असाल तर वल्ह्यांना ओढ आवरत नाही. म्हणून मुखाशी असलेल्या अंजनवेलच्या पुढे, उघड्या समुद्राकडे जायचंच नाही. पावसाळ्यात तर खाडीतही नको.

होडी पाण्यात लोटण्याआधी वल्हं ज्या दोरीने खुंटीला बांधतात ती बोटांनी चाचपून बघा. मिठाने ती आतून कुजते, वरून धड दिसते. थोडी जादा दोरी आणि एक जादा वल्हं घ्याच. पाणी उपसायला तळ कापलेला प्लास्टिकचा कॅन होडीला बांधून ठेवा. नांगर आणि पुरेशी लांब दोरीही हवी. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळा. बाकाखाली ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही. शिट्टी त्यालाच अडकवा.

पायात घट्ट बूट घाला. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरची कालवं तळपाय चिरतात, आणि कांदळवनाच्या कडेचा चिखल गुडघ्यापर्यंत ओढून घेतो. म्हणून कुठे उतरायचं ते आधीच ठरवा. वर चिपळूणकडे नदीत मगरी आहेत, तेव्हा काठावर पाय सोडून बसू नका.

माणशी तीन लिटर पाणी, टोपी, ओआरएस, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन. पलीकडच्या काठावरच्या धोपाव्याची फेरीबोट वाहनं घेऊन येत असते, तिच्या पुढून काढायचं नाही. जाळ्यांचे तरंगते बोयरे दिसले की लांबून वळसा घाला. तो कुणाचा तरी संसार आहे.

किती वाजता परतणार ते धक्क्यावर कुणाला तरी सांगून निघा, आणि अर्धा तास उशीर झाला तर सागरी पोलिसांच्या 1093 किंवा तटरक्षक दलाच्या 1554 वर फोन करायला सांगा.