माळ्यावरचा मिरजेचा तंबोरा पुन्हा बोलता करताना

आधी माझा गाढवपणा सांगतो, म्हणजे तुम्ही तो करणार नाही. २०१६ च्या ऑगस्टात नाशिकला गोदेला पूर आला. अण्णांचा तंबोरा आमच्या वाड्याच्या माळ्यावर होता, त्यामुळे तो भिजला नाही. पण घरात पंधरा दिवस ओल राहिली आणि भोपळा-दांडीच्या सांध्यातला सरस, म्हणजे जनावरी डिंक, सुटला. मी काय करावं? तंबोरा गच्चीत नेऊन पापडासारखा उन्हात मांडला. दुपारी टक्क आवाज आला. जाऊन बघतो तर तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला) घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या ठोकळ्याच्या, पुढून बोटभर लांब चीर!

तेव्हा पहिला नियम, ऊन दाखवायचं नाही. मधल्या खोलीत गोधडीवर आडवा ठेवा, तारा थोड्या उतरवा, आठ-दहा दिवस वाट बघा. मऊ ब्रशने धूळ काढा, तेलपाणी काही लावू नका. भोपळ्याला बोटाच्या पेराने टकटक करत फिरा. एखाद्या जागी आवाज बद्द आला किंवा खाली बारीक पिवळसर भुकटी पडली, तर किडा आहे, पुढचं काम कारागिराचं. हा भाजीचा भोपळा नव्हे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू, जाड सालीचा भोपळा खास यासाठी पिकवतात.

सांधा सुटला तरी सुताराचा पांढरा गोंद ओतू नका. सरस गरम पाण्याने सुटतो, म्हणून पुढच्या दुरुस्तीला सांधा पुन्हा उघडता येतो. मिरजेत १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी हे काम सुरू केलं, मूळचे ते शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. थोर गवई विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच शिकले आणि उत्तरायुष्यात आमच्या पंचवटीत येऊन राहिले. अण्णा कीर्तनकार. तंबोरा मिरजेचाच हवा, हा त्यांचा हट्ट.

आता तारा. चारही एकदम काढू नका, घोडी सरकते. आधी तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, मग एक काढा, एक लावा. पहिली पंचमाची (प), मधल्या दोन जोडाच्या (सा), चौथी खर्जाची (खालचा सा). जोड पोलादी, खर्ज पितळी. पंचमाची तार घेताना दुकानात आपली पट्टी, म्हणजे आपला सा पेटीच्या कुठल्या सुरावर आहे ते, सांगा. काळी एकला आणि काळी पाचला एकच जाडी चालत नाही. खुंटी घसरत असेल तर तिला खडू घासा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे होतंच.

खरी गंमत जवारीत, म्हणजे घोडीवरून तारेला येणाऱ्या घुमाऱ्यात आहे. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण नख फिरवा, पुढे किंचित उतार लागेल. तार त्यावर टेकत, सुटत थरथरते, त्यातून तो घुमारा निघतो. तार सुरात लावा. शिवणाचं सुती सूत घोडीवर तारेखाली घाला, लंगोटाच्या, म्हणजे तारा खाली अडकवतात त्या, बाजूला. आता एका हाताने तार छेडत राहा आणि दुसऱ्याने सूत दांडीकडे केसभर, केसभर सरकवा. आधी ठण् असा कोरडा आवाज येतो. मग एका जागी तार अचानक उघडते, आवाज लांबतो. थांबा, तीच जागा. जरा पुढे गेलात की नुसती भुणभुण. मला पहिल्या तारेला पाऊण तास लागला आणि बायकोने दोनदा विचारलं, मिक्सर चालू राहिलाय का. चारही जमल्या की खर्जातून न लावलेला गंधार (ग) ऐकू येईल. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

सूत कुठेही सरकवून आवाज उघडत नसेल, तर घोडीवर तारांच्या खाचा पडल्या आहेत. कानस घेऊन बसू नका. दोन घासे जास्त झाले की घोडी गेली. जुन्या घोड्या सांबरशिंगाच्या किंवा हस्तिदंताच्याही असत, तशी दुसरी आता बाजारात आणता येत नाही.

माझी चीर मिरजेच्या कारागिराने आतून पट्टी लावून सांधली. पॉलिश करून लपवू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. आता पावसाळ्यात पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे आमच्या पुराच्या मापाच्या, कमरेला लागलं असं कळलं, की मी चारही तारा अर्धा सूर उतरवतो आणि तंबोरा वरच्या मजल्यावर मधल्या खोलीत नेऊन ठेवतो.